दुष्काळी मुलखाने चिलटाला नाव का द्यावे?

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका संशोधन समितीपुढे एका विद्यार्थिनीचा आराखडा आला होता. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात बुरशीवर वाढणाऱ्या बारीक चिलटांचा एक गट घ्यायचा, पावसाळ्यात ती गोळा करायची आणि त्यांतल्या ज्या जाती विज्ञानाला अजून ठाऊक नसतील त्यांचे रीतसर वर्णन करायचे, असा तिचा बेत होता. आराखडा वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले की, ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखातल्या माणसांनी घाटावरच्या चिलटांना नावे ठेवत का बसावे? 'नावे ठेवणे' यातला श्लेष सगळ्यांना कळला आणि हशा पिकला. मुलीचा विषय बदलला. तिने पुढे तलावातल्या मत्स्यबीजावर काम केले आणि ते चांगलेही झाले. मी त्या बैठकीत होतो आणि काही बोललो नाही. तो प्रश्न मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला नव्हता आणि आजही वाटत नाही. ज्याच्या घरात टँकरची वाट पाहिली जाते त्याला असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्याच वेळी द्यायला हवे होते.

आधी हा जीव कोणता ते सांगतो. मराठीत चिलट, घुंगुरटे, मुरकूट असे शब्द आहेत. पण ते सगळे डोळ्यांपुढे घोंघावणाऱ्या कोणत्याही बारीक माशीला लावले जातात. बुरशीवर जगणारी चिलटे हा त्यांतला एक वेगळा आणि मोठा समूह आहे. दिसायला ती डासासारखी, लांब पायांची, पाठीला कुबड असलेली. पण डासासारखी सोंड त्यांना नसते आणि ती चावत नाहीत. त्यांच्या अळ्या कुजणाऱ्या लाकडात, पालापाचोळ्यात, अळिंबीच्या देठात आणि बुरशीच्या तंतूंवर वाढतात. जिथे ओल आणि सावली तिथे त्यांचा संसार, म्हणून वर्षावन हे त्यांचे माहेर. यांतल्या मायसेटोफिलिडी या एकाच कुळात आजवर साडेचार हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. सायरिडी, केरोप्लाटिडी ही त्यांची भाऊबंद कुळे वेगळीच. न्यूझीलंडमधल्या वायटोमोच्या गुहांमध्ये छताला निळसर दिवे लटकल्यासारखे दिसतात, ते पाहायला जगभरचे प्रवासी जातात. तो उजेड केरोप्लाटिडी कुळातल्या एका चिलटाच्या अळ्यांचा आहे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. (वृत्तपत्रे सर्रास 'नवी प्रजाती' लिहितात. परिभाषेत 'प्रजाती' हा वरचा गट आणि 'जाती' हा त्याखालचा; मी 'जाती' हाच शब्द वापरणार आहे, त्याला आपल्या समाजात दुसरा कडू अर्थ असला तरी.)

नवी जाती सापडली म्हणजे कोणाला तरी जंगलात अचानक काही दिसले, असा समज आहे, आणि बातम्या तो पक्का करतात. प्रत्यक्षात नवेपणा जंगलात दिसत नाही, टेबलावर दिसतो. रेने मालेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाला तंबूत शिरलेले कीटक वर वर चढत जाऊन छताच्या कोपऱ्यात गोळा होतात असे आढळले, आणि त्यावरून त्याने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात जाळीचा एक सापळा बनवला. तोच आजही वापरतात. आठवडाभर तो जंगलात उभा ठेवला की वरच्या टोकाला बांधलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत कीटकांचा काला जमतो. तो काला बशीत ओतून, भिंगाखाली, चिमट्याने एकेक जीव वेगळा करणे हे काम महिनोन्महिने चालते. मग नर निवडायचे, कारण मादीवरून जात ठरवणे या कुळांत बहुधा जमत नाही. नराच्या पोटाचे शेवटचे टोक कापून पोटॅशच्या कोमट द्रावणात ठेवायचे, म्हणजे मांस विरघळते आणि कठीण सांगाडा तेवढा उरतो. मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवणारे जे आकड्यासारखे अवयव त्यात दिसतात, त्यांची वळणे, त्यांवरचे काटे आणि केस यांतच एका जातीचा दुसरीपासूनचा फरक बहुधा दडलेला असतो. हे टोक मोहरीच्या दाण्याहून लहान असते. काचपट्टीवर ते तिरपे बसले तर आकार फसवतो आणि चूक पुढच्या शंभर वर्षांच्या पुस्तकांत शिरते.

इतके झाल्यावरही 'नवी' हा शब्द उच्चारता येत नाही. आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहावे लागते. भारतातल्या या चिलटांसाठी एन्रिको ब्रुनेटी यांच्या १९१२ सालच्या ग्रंथाशिवाय आजही पुढे सरकता येत नाही. ब्रुनेटी व्यवसायाने संगीतकार होते आणि कलकत्त्यात राहून त्यांनी माश्यांचा अभ्यास केला, ही गोष्ट मला नेहमी सुखावते आणि तितकीच खटकते. कारण आपल्याकडे हे काम शंभर वर्षांपूर्वीही कोणा एकाच्या छंदावर उभे होते. त्या काळची वर्णने चार-सहा ओळींची असत, त्यांत पंखांच्या शिरा आणि रंग असायचा, नराच्या त्या आकड्यांचे चित्र क्वचितच. तेव्हा शंका फेडायची तर मूळ नमुनाच पाहावा लागतो. तो कलकत्त्याला, लंडनला नाही तर व्हिएन्नाला, टाचणीवर. ज्या एका नमुन्यावर जातीचे नाव कायमचे टांगलेले असते त्याला नामदर्श नमुना म्हणावे. तो हरवला की नाव अधांतरी लोंबकळते. १७५८ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने घालून दिलेल्या नामकरणाच्या पद्धतीवर हा सारा व्यवहार आजही चालतो आणि त्याचे नियम एखाद्या खरेदीखताच्या नोंदणीइतके कडक आहेत. नमुना प्रथम गोळा झाल्यापासून त्याचे जात म्हणून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. एवढ्या काळात संग्राहक निवृत्त होतो, कधी कधी जंगलही निवृत्त होते.

आता मूळ आक्षेपाकडे. 'याचा उपयोग काय?' या प्रश्नावर प्राणिशास्त्राची माणसे लगेच उपयोगांची यादी वाचू लागतात, आणि ती यादी कमी नाही. सायरिडी कुळातल्या सायरा या चिलटात नर आपल्या बापाकडून आलेली गुणसूत्रे शुक्राणूत जाऊच देत नाही. गुणसूत्र आईचे की बापाचे याची खूण पेशी बाळगते असा त्याचा अर्थ. हेलन क्राउज यांनी १९६० साली या खुणेला 'ठसा' या अर्थाचा जो शब्द वापरला, तोच पुढे माणसाच्या काही आनुवंशिक आजारांची उकल करताना वैद्यकाने उचलला. सह्याद्रीत पावसाळ्यात फणा काढून उभा राहणारा सापकांदा ज्या प्रजातीतला आहे, तिच्यातल्या अनेक वनस्पतींचे परागण ही चिलटे करतात. त्या वनस्पतींच्या नरफुलांच्या फण्याला तळाशी निसटायला वाट असते, मादीफुलांच्या फण्याला नसते, आणि परागकण पोचवून चिलट आतच मरते. हे सगळे खरे आहे. तरीही मला ही यादी वादात फारशी उपयोगी वाटत नाही, कारण समितीतले सदस्य लगेच म्हणतील की, मग उपयोगी असतील तेवढ्याच चिलटांचा अभ्यास करा. अडचण अशी की सायरा आधीच नाव देऊन फळीवर ठेवलेली होती म्हणून ती कोणाच्या तरी हाती लागली. कोणते चिलट उपयोगी ठरेल हे नाव देताना कोणालाच माहीत नव्हते.

आपल्या शेतकऱ्याला हा मुद्दा परका नाही. मृग लागला की तांबड्या मखमलीच्या 'मिरगाच्या किड्या'ला तो नावाने ओळखतो. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची बोंडअळी, उसातली हुमणी ही नावे त्याने किंवा त्याच्यासाठी कोणी पाडली, कारण नाव नसेल तर दुकानदाराला काय सांगणार आणि शेजाऱ्याला कशापासून सावध करणार? २०१८ साली कर्नाटकात मक्यावर एक अळी दिसली. ती नेहमीची लष्करी अळी नसून अमेरिकेतली आहे हे थोड्याच काळात निश्चित झाले आणि ती महाराष्ट्रात पसरत असताना जालना, संभाजीनगरकडच्या मका उत्पादकांना तिचे नाव तरी सांगता आले. हे नाव तिला अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या नमुन्यांवरून १७९७ साली मिळालेले होते. ते देताना भारतातल्या मक्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल? २२१ वर्षे ते नाव आपल्यासाठी ग्रंथात थांबून राहिले, आणि त्या अवधीत कोणी ना कोणी पगार घेऊन ते नमुने, ती पुस्तके आणि ते ज्ञान सांभाळत होते.

चिलटांच्या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. एका महिला बचत गटाने सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळिंबीची लागवड केली होती. पिशव्यांत बारीक काळ्या माश्या झाल्या, आतल्या बुरशीचे पांढरे जाळे अळ्यांनी खाल्ले आणि त्या काळवंडलेल्या पिशव्या टोपलीत घालून गटाच्या अध्यक्षा महाविद्यालयात आल्या. "सर, ही माशी कोणती ते सांगा, म्हणजे कृषी केंद्रात जाऊन औषध आणते," असे त्या म्हणाल्या. ती सायरिडी कुळातली चिलटे आहेत एवढे मी पंखांवरून सांगू शकलो, त्यांत फोरिड या वेगळ्याच कुळातल्या माश्या मिसळलेल्या आहेत हेही दिसले. पण जात कोणती, ती भारतात आधी नोंदलेली आहे का, तिचा जीवनक्रम किती दिवसांचा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि जवळपास कोणाकडेही नव्हते. सायरिडच्या अळ्या मारायला जो सूत्रकृमी सोडतात तो फोरिडवर तितका लागू पडत नाही, म्हणून ओळख चुकली की पैसे वाया जातात. बाईंनी शेवटी शेजाऱ्याने सुचवलेले कसले तरी कीटकनाशक फवारले आणि ती अळिंबी कोणी घेतली नाही. दोन हंगामांनी गटाने लागवड सोडली. दोष माशीचा होता तितकाच माझ्या न येणाऱ्या उत्तराचा होता.

सार्वजनिक आरोग्यातले उदाहरण तर जुने आहे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस क्युलिसिफेसीज हा डास एकच समजला जात असे. तो दिसायला अगदी सारख्या अशा पाच जातींचा गट असल्याचे पुढे कळले. त्यांतली 'बी' ही जात हिवताप फारसा पसरवत नाही. म्हणजे एका गावात फवारणीवर झालेला खर्च उपयोगी आणि दुसऱ्या गावात निरर्थक, आणि फरक डोळ्यांना न दिसणारा. जातींचा भेद करणारी माणसे नसती तर हा हिशेब कधीच लागला नसता.

यावर कोणी म्हणेल की, ठीक आहे, आपल्या शेतातल्या माश्या ओळखा, वर्षावनातल्या कशाला? इथे ओळखणे म्हणजे काय हे ध्यानात घ्यावे लागते. ओळख ही तुलनेतूनच होते. किनवटच्या सागवनातल्या ओल्या नाल्यात किंवा गौताळ्याच्या घळीत सापडलेले चिलट नवे आहे की सह्याद्रीतूनच पसरलेले आहे, हे सह्याद्रीतली चिलटे माहीत असल्याशिवाय ठरत नाही. आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. जो पाऊस त्या वनांना वर्षावन करतो तोच पलीकडे रिता होऊन आपल्याकडे येतो, आणि आपली गोदावरीही त्याच डोंगरात उगम पावते. पाण्यासाठी आपण त्या डोंगराकडे वर्षानुवर्षे हक्काने पाहत आलो आहोत. मग तिथल्या जीवसृष्टीचा प्रश्न निघाला की तो परक्याचा प्रांत का होतो, हे मला कळत नाही.

आणि आपल्याकडे काय आहे हे तरी कोणाला ठाऊक आहे? सिंगापूर हे ७३० चौरस किलोमीटरचे, बहुतांश बांधकामाने भरलेले बेट. त्याच्या उरल्यासुरल्या वनांतून आणि दलदलींतून मायसेटोफिलिडी कुळातल्या ११५ नव्या जातींचे वर्णन २०२५ साली एका ग्रंथात प्रसिद्ध झाले. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत, क्षेत्रफळ ६४ हजार चौरस किलोमीटरांच्या वर; म्हणजे सिंगापूर आपल्या सरासरी तालुक्याहूनही लहान भरते. आपल्या कोरड्या तालुक्यात वर्षावनाइतकी चिलटे सापडणार नाहीत हे उघड आहे. पण उडत्या कीटकांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती केवळ २० कुळांत मोडतात, त्यांतली १० कुळे माश्यांची आहेत, आणि हवामान, खंड, अधिवास बदलला तरी हे चित्र फारसे बदलत नाही, असे पाच भूप्रदेशांतल्या मालेझ सापळ्यांच्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आले. ज्या कुळांत सर्वांत जास्त जाती, त्यांच्याकडेच अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी. फुलपाखरे आणि पक्षी यांच्या याद्या आपण हौसेने करतो, कारण ती छायाचित्रात छान दिसतात.

कायदा मात्र आपल्याकडे आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे नवी जाती शोधणाऱ्याने तिची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे सांगितले, तेव्हा नोंदवह्या धडाधड भरल्या गेल्या. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत कीटकांच्या रकान्यात मधमाशी, मुंगी, फुलपाखरू एवढेच होते, आणि शेजारच्या गावाच्या वहीतही त्याच क्रमाने तेच. ग्रामसेवकाला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग चिलट ओळखू शकत नाही, तिथे ग्रामसभेने ते कसे ओळखावे?

अलीकडे असा युक्तिवाद ऐकू येतो की, आता डीएनएचा बारकोड, म्हणजे जातीची खूण म्हणून वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा, काढला की झाले, केस आणि काटे मोजायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचे पॉल हेबर्ट केंद्र आहे, ही आपल्या भागाची खरी जमेची बाजू आहे आणि तिचा मला अभिमान आहे. बारकोडमुळे हजारो नमुन्यांची गटवारी काही दिवसांत होते, नर आणि मादी एका जातीचे हे कळते, अळीची ओळख पटते. सिंगापूरचे कामही त्याच्याविना इतके झपाट्याने झाले नसते. परंतु बारकोड अंगठ्याच्या ठशासारखा आहे. ठसा कोणाचा हे सांगणारी नोंद कोठे तरी असावी लागते, आणि चिलटांच्या बाबतीत बहुसंख्य ठशांपुढचा रकाना कोरा आहे. तो रकाना भरायला शेवटी कोणी तरी भिंगाला डोळा लावून, १९१२ सालचा ग्रंथ उघडून बसावेच लागते. यंत्र विकत घेता येते. नजर तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात आणि ती शिकवणारा गुरू जिवंत असावा लागतो.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे एक म्हणणे मला मान्य आहे. नव्या जातींच्या नावाखाली कच्चे कामही पुष्कळ होते. एका नमुन्यावर, तोही तुटलेला, जुना नमुना न पाहता, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकात वर्णन द्यायचे आणि बढतीसाठी गुण मिळवायचे, हा प्रकार आपल्या महाविद्यालयांना अपरिचित नाही. अशी नावे पुढे रद्द करायला दुसऱ्याची वर्षे खर्ची पडतात. नाव कोणत्या नेत्याचे दिले एवढीच बातमी होते आणि नमुना कोठे ठेवला हे कोणी विचारत नाही, हेही खरे. पण यावरचा उपाय काम बंद करणे हा नव्हे. गुणांची पद्धत अशी हवी की घाईच्या दहा निबंधांपेक्षा एका कुळाचा धीराने केलेला आढावा जड भरावा. आज नेमके उलटे आहे, म्हणून हुशार विद्यार्थी या विषयाकडे फिरकत नाहीत आणि जे येतात ते प्रकल्पाची तीन वर्षे संपली की शिकवण्या घेऊ लागतात.

मागणी मोठी नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि परभणी इथल्या तीन विद्यापीठांनी मिळून कीटक वर्गीकरणाची दोन-तीन कायमची पदे निर्माण करावीत. प्रकल्पावरची पदे नकोत, कारण २१ वर्षांचे काम तीन वर्षांच्या नेमणुकीत बसत नाही. एक संग्रहालय असावे, जिथे ओल आणि झुरळे शिरत नाहीत, वीज गेली तरी नमुने बिघडत नाहीत आणि किल्ली एका माणसाच्या निवृत्तीबरोबर हरवत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे किडींचा अनुभव आहे, संभाजीनगरला बारकोडची सोय आहे, नांदेडच्या हाताशी किनवटचे जंगल आहे. हे तीन हात अजून एकत्र आलेले नाहीत. त्या विद्यार्थिनीसारख्या मुलीला सह्याद्रीत दोन पावसाळे घालवायचे असतील तर तिला वन खात्याची परवानगी, प्रवासखर्च आणि ब्रुनेटींचे ग्रंथ मिळावेत, आणि परत आल्यावर बसायला टेबल मिळावे. हा खर्च एखाद्या विभागाच्या वार्षिक परिसंवादाच्या मंडपाइतकाच असेल, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटते.

माझ्या कपाटात अंबाजोगाईजवळच्या एका आमराईत चार पावसाळे लावलेल्या सापळ्याच्या बाटल्या आहेत. प्रत्येकीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांतली बुरशीवरची चिलटे मी वेगळी काढली. किमान सहा प्रकारचे नर मला वेगवेगळे वाटतात, पण त्यांतले कोणते ब्रुनेटींना माहीत होते आणि कोणते कोणालाच नाही, हे मी सांगू शकत नाही. येत्या दिवाळीनंतर मी निवृत्त होतो. अल्कोहोल उडत राहते, म्हणून दर सहा महिन्यांनी बाटल्या पुन्हा भराव्या लागतात, आणि विभागात ते काम अंगावर घ्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही. त्यामुळे त्या बाटल्या पुण्याला, आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्राकडे देण्यासाठी मी पत्र लिहिले आहे. तिथे त्या नीट राहतील. मराठवाड्यातल्या कोणा मुलीला त्या उघडून पाहायच्या झाल्या, तर तिला रात्रीची गाडी धरावी लागेल.